वाळवंटात राजाला झोप लागली

पूर्वी अश्मक देशातल्या पोतली नगरात उग्रतेज राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका सार्थवाहाच्या, म्हणजे व्यापारी तांड्याच्या नायकाच्या, घरी जन्मले आणि पुढे स्वतः सार्थवाह झाले. वाळवंट पार करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

उग्रतेज नावाप्रमाणेच होता. धाकट्या भावाने, वल्गुकाने, भर सभेत त्याचा एक निकाल चुकीचा ठरवला. झाले! राजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने तलवार उपसली आणि वल्गुक जीव घेऊन वाळवंटापलीकडच्या रेणुपुराला पळाला. तेव्हापासून राजाच्या डोळ्याला डोळा लागेना. वैद्यांनी तेले चोळली, जायफळाचे दूध पाजले. सगळे पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी राजा बोधिसत्त्वांना म्हणाला, "नायका, मला रेणुपुराला ने. त्याचे डोके उडवीन, तेव्हाच मला झोप येईल."

"चला महाराज," बोधिसत्त्व म्हणाले. "पण फौज नको, तेवढे पाणी वाटेत नाही. आणि तांड्यात रीत तांड्याचीच चालेल."

ती रीत मोठी अजब. आपले पाणी आपण वाहायचे नाही. एकाची पखाल दुसऱ्याच्या उंटावर. तहान लागली की त्याच्याकडे मागायचे, त्याने पाजायचे. त्यामुळे तांड्यात भांडण कोणालाच परवडत नसे. राजाचे पाणी बोधिसत्त्वांकडे आले, बोधिसत्त्वांचे राजाकडे.

आधी राजाला ती शांतता खायला उठली. ना भाट, ना नगारे. ऐकू यायचा तो स्वतःचाच राग. पण सकाळी वाळूच्या टेकड्यांवर कोवळे ऊन उतरे, वारा कालच्या पावलांच्या खुणा पुसून टाकी, आणि राजा कुरकुर विसरून बघत राही. असे बघणे त्याला बऱ्याच दिवसांत जमले नव्हते.

तरी सवय जाते कुठे? राजा पडला गोदाकाठचा. एका सकाळी त्याने उंटावरची पखाल सोडली, हातपाय धुतले, खळखळून चुळा भरल्या. पखाल रिकामी झाली तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आले, की अरे, हे पाणी सार्थवाहाचे!

दुपारी एका शमीच्या झाडाखाली तांडा थांबला. बोधिसत्त्वांनी पाणी मागितले. राजाने मान खाली घालून रिकामी पखाल पुढे केली.

"नायक, याला इथेच सोडा!" गोरथ नावाचा उंटवाला खवळला. "दुसऱ्याचे पाणी सांडणाऱ्याला तांडा पुढे नेत नाही!"

राजाचा हात तलवारीकडे गेला. बोधिसत्त्वांनी मात्र राजाची पखाल सोडली, पेला भरला आणि त्याच्यासमोर धरला. "प्या महाराज. हे तुमचे पाणी आहे."

"आणि तू?"

"उद्या विहीर लागेल."

"तुला माझा राग नाही येत?"

बोधिसत्त्वांचे ओठ उन्हाने फुटले होते. ते हसले. "येतो की! पण या उन्हात राग आणि तहान दोन्ही वाहायची ताकद माझ्यात नाही. एक टाकावेच लागते. तहान काही टाकता येत नाही."

राजाला रडू कोसळले. त्याने तो पेला आधी बोधिसत्त्वांच्या ओठांना लावला, उरलेले घोट स्वतः प्यायला आणि तिथेच वाळूवर आडवा झाला. थोड्या वेळाने गोरथ कुजबुजला, "अहो नायक, राजा घोरतोय!" त्याला कोणी उठवले नाही. मघाशी खवळलेला गोरथच त्याच्या तोंडावर सावली धरून उभा राहिला.

रेणुपुराच्या तटावर वल्गुक धनुष्य ताणून उभा होता. राजाने तलवार उंटावर ठेवली आणि एकटाच वेशीकडे निघाला. खालूनच तो ओरडला, "वल्गुका, निकाल तुझाच बरोबर होता! आणि ऐक बाळा, मला झोप लागली रे!"

धनुष्य तटावरच पडले. वल्गुक धावत खाली आला, वेस उघडली, भावाला भाऊ कडकडून भेटला. रेणुपुरात नगारे झडू लागले आणि सारे गाव गुलाल उधळीत बाहेर लोटले.

एकमेकांशी अबोला धरलेल्या दोन भिक्खूंना शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली आणि ते म्हणाले, "भिक्खूहो, तेव्हाचा राजा म्हणजे तुमच्यातला हा थोरला. वल्गुक म्हणजे हा धाकटा. खवळून शेवटी सावली धरणारा गोरथ म्हणजे आजचा माझा शिष्य आनंद, आणि सार्थवाह मी होतो. राग येऊनही जो तो खाली ठेवतो, त्याच्या त्या बळाला क्षांती म्हणतात."