गंजलेले बोल्ट

दौलतरावांचा शब्द गावात शेवटचा. त्यांची पिकअप मागच्या बाजूनं खचली होती आणि तिच्यातूनच बायका रोज घाट उतरून कामाला जायच्या.

रशीद मिस्त्रीनं मागच्या स्प्रिंगचे नवे पाटे घालून गाडी समतल केली. मग पाटे आवळणारे गंजलेले बोल्ट दाखवत म्हणाला, "मालक, हेही बदलायला हवेत."

"जुनेच घाल. इतकी वर्षं टिकलेत, पुढंही टिकतील."

मिस्त्रीनं जुने बोल्ट उचलले. त्या बायकांमधली, गाडीची वाट बघत बसलेली गोदाक्का मात्र उठली. गॅरेजात साखळीला एक इंजिन टांगलेलं होतं. तिच्या सांगण्यावरून मिस्त्रीनं साखळी आणि इंजिन यांच्यामध्ये तेच जुने बोल्ट अडकवले. मग तिनं दौलतरावांची खुर्ची नेमकी त्याखाली नेऊन ठेवली.

"बसा मालक. चहा येईस्तोवर."

दौलतराव वर बघत मागं सरले. "डोकं फिरलंय का तुझं?"

"एका चहापुरतं तुम्हाला याखाली बसवत नाही," गोदाक्का शांतपणे म्हणाली. "आम्ही लेकरं घरी ठेवून रोज याच बोल्टांच्या भरवशावर घाट उतरतो."

दौलतरावांनी पुन्हा एकदा वरच्या बोल्टांकडे पाहिलं.

"नवे घाल," दौलतराव मिस्त्रीला म्हणाले.

गोदाक्कानं खुर्ची बाजूला ओढली. "आता बसा."