कडक अंगारा

“म्हणजे तिच्या बाळाची पाठ उघडी राहिली, ती माझ्यामुळे?”

विश्वंभरनं हे विचारलं तेव्हा हरकनाथ महाराज मठाच्या ओसरीवर बसून आपली झोळी शिवायला घेत होते. झोळीची बुडाची शिवण पुरती उसवली होती. महाराजांना जवळचं नीट दिसत नसे, तरी सुईत दोरा ओवून द्यायला त्यांनी विश्वंभरला सांगितलं नाही.

“मी काहीतरी विचारलं, महाराज.”

“ऐकलं.”

विश्वंभर त्यांचा पट्टशिष्य. मूल हवं असलेल्या बायका टेकडी चढून या मठात येत आणि त्यांना अंगारा विश्वंभर देई. अंगारा घेतला की दिवस जाऊन तिसरा महिना सरेपर्यंत कुठलंही औषध पोटात जाऊ द्यायचं नाही, हा नियम त्यानंच घातला होता. गावातल्या नर्सबाईंनी दिलेल्या गोळ्या बायका देवीच्या पायाशी ठेवून जात. इथला अंगारा फार कडक, असं लोक म्हणत. ते कानावर आलं की विश्वंभरची मान ताठ होई.

कालिंदानं तो नियम पाळला होता. तिला मुलगी झाली. मुलीच्या पाठीचा कणा मिटलेलाच नव्हता. ती थोडे दिवस जगली.

आज कालिंदा पुन्हा आली होती. सासूबरोबर खाली पायऱ्यांवर बसली होती. जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या गोळ्या तिनं पदराच्या गाठीत बांधून आणल्या होत्या. त्या घ्यायच्या की नाहीत, एवढंच तिला विचारायचं होतं. विश्वंभरबुवा हो म्हणाले तरच, असं सासूनं बजावलं होतं.

“डॉक्टरीणबाई तिला काय म्हणाल्या?” महाराजांनी विचारलं.

“म्हणे बाळाचा कणा पहिल्या महिन्यातच मिटतो. दिवस गेलेत हे बाईला कळायच्याही आत. म्हणून फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिवस जायच्या आधीपासून घ्यायची, आणि नंतरही पहिले तीन महिने सोडायची नाही. हिचं एक मूल असं गेलंय, म्हणून हिला जास्त ताकदीची दिली आहे.”

“आणखी?”

“गोळी घेतली असती तर मूल नक्की वाचलं असतं, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. धोका पुष्कळ कमी होतो, एवढंच म्हणाल्या.”

“एवढ्यावर तुला झोप लागते?”

विश्वंभर चिडला.

“तिसऱ्या महिन्यानंतर मी कधी कुणाला अडवलं का? तिनंही चौथ्यापासून रोज गोळ्या घेतल्या. आधीचे तीन महिने नाही घेतल्या तर असं काय बिघडतं?”

महाराजांनी शेजारची ज्वारीची परात उचलली आणि झोळीत उपडी केली.

उसवलेल्या बुडातून सगळी ज्वारी खाली सांडली. ओसरीभर पसरली. काही दाणे विश्वंभरच्या पायांपर्यंत आले.

मग महाराजांनी बूड शिवायला घेतलं. बारीक, सारखे टाके. जराही घाई नाही.

“आधी शिवायची ना, महाराज!”

महाराज शिवत राहिले.

विश्वंभर हळूच खाली बसला.

“तुम्हाला हे माहीत होतं?”

“गोळीचं नव्हतं. तू बायकांना अडवतोस, हे माहीत होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“मठात गर्दी व्हायला लागली होती.” महाराजांनी दोरा दातांनी तोडला. “मला ती आवडत होती.”

“मग आता तुम्हीच खाली चला. तुमचा शब्द ती मोडणार नाही.”

“माझ्या वाटणीचं मी सांगेन. आधी तुझं तू सांग.”

“काय सांगू?”

“आल्या आल्या मला जे विचारलंस, ते.”

विश्वंभर उठला. पायऱ्या ओसरीला लागूनच होत्या. तिथलं बोलणं वर स्वच्छ ऐकू येई.

त्याला पाहताच सासू भामाबाई उभी राहिली. “बुवा, तुम्हीच सांगा हिला. कालपासून डोकं खाल्लंय माझं. गोळी, गोळी, गोळी! आम्ही काय गोळ्या खाऊन पोरं काढली?”

“आत्याबाई, त्यांना बोलू द्या ना,” कालिंदा म्हणाली.

आणखी पाच-सहा बायका नारळ घेऊन बसल्या होत्या. सगळ्या विश्वंभरच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यानं तोंड उघडलं. मिटलं. उपरणं सारखं केलं.

“देवीचा कौल झालाय,” तो म्हणाला. “गोळ्या घे. आजपासूनच घे, दिवस जायची वाट बघू नकोस. तुम्हीही सगळ्याजणी घ्या. डॉक्टरीणबाईंना विचारून घ्या.”

बायकांनी हात जोडले. भामाबाईनंही जोडले.

कालिंदानं पदराची गाठ सोडायला घेतली आणि मध्येच थांबली.

“बुवा... मग मागच्या खेपेला देवीनं असं का नाही सांगितलं?”

“तुझ्याकडून पाळण्यात काही चुकलं असेल,” विश्वंभर म्हणाला.

“मी म्हणतच होते!” भामाबाई म्हणाली.

कालिंदा बराच वेळ आठवत राहिली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, “एकदा डोकं फार दुखत होतं... तेव्हा मी एक गोळी घेतली होती. कुणाला सांगितलं नव्हतं.”

“तेच असेल,” विश्वंभर म्हणाला.

तो ओसरीवर परत आला तेव्हा महाराज ज्वारी वेचत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“घेईल ती गोळ्या,” विश्वंभर म्हणाला. “सासूही आता आडवी येणार नाही. बाकीच्यासुद्धा घेतील.”

“हं.”

“खरं सांगितलं असतं तर पुन्हा कुणी माझं ऐकलं असतं का? गोळ्या पोटात जाणं महत्त्वाचं. नाही का, महाराज?”

“आहे.”

विश्वंभरला हायसं वाटलं. तो दाणे वेचायला वाकला. खाली भामाबाई सुनेला काहीतरी बोलत होती. सुनेचा आवाज येत नव्हता.

“कालिंदा तुझ्या पाया पडली?” महाराजांनी विचारलं.

“पडली. डोकं टेकवून पडली.”

“आणि तू पडू दिलंस.”