चारुमती राणीचे तिसरे वाण

एका राज्यात एक राणी होती, चारुमती तिचे नाव. तिला वस्तू जमवण्याचा भारी नाद. महालातल्या एका दालनात भिंतभर कोनाडे केले होते आणि त्यांत बाहुल्या, पुतळ्या, कुणाकुणाकडून आणवलेल्या आठवणीच्या वस्तू मांडल्या होत्या. पाणी ओतले की पोहणारे स्फटिकाचे हंस होते, पहाटे आरवणारा पितळी कोंबडा होता. सणासुदीला बायका आरास बघायला येत. बघा, पण हात लावू नका, असे राणी हसून सांगे, आणि त्या गेल्या की एकेक वस्तू पुसून परत जागेवर ठेवी.

नदीपल्याड एक चेटकीण राहत होती. तिच्या मेलेल्या बहिणीची एक लाकडी बाहुली तिच्यापाशी होती. राणीने मागितली, चेटकीण नाही म्हणाली. राणीने शिपाई धाडून ती आणवली. बाहुली कोनाड्यात बसली आणि त्याच संध्याकाळी राजकन्या शाल्मली म्हणाली की पायाची बोटे गार पडली आहेत. राणीने पाहिले, तर बोटे मातीची झाली होती.

वैद्य आले, माना हलवून गेले. सकाळी माती घोट्यापर्यंत चढली. राणीला घास गिळवेना. घडीघडी लेकीचा परकर सारून ती बघे, आणि बघवत नाही म्हणून पुन्हा झाकून टाकी.

तेवढ्यात खिडकीत एक साळुंकी येऊन बसली. ती म्हणाली, "राणी, तू वस्तू डांबल्यास, म्हणून तुझी लेक कोनाड्यात बसणार. संक्रांतीला लुटतात तशी तीन वाणे लूट. मिरवतेस ते एक, हिसकावलेस ते एक, आणि ज्यावाचून तुला जगवत नाही ते एक."

"मग माझी लेक उठेल?"

"तिसरे दिलेस तर."

राणीने हंस उचलले आणि परटिणीच्या पोरींना खेळायला दिले. तो कोनाडा आपोआप बुजला, भिंत सपाट झाली. पण माती गुडघ्यापर्यंत आली होती. मग राणी स्वतः नावेत बसून पल्याड गेली, चुकले म्हणाली आणि बाहुली परत दिली. चेटकिणीने ती छातीशी धरली. शाप माझा खरा, पण उतरवणे आता तुझ्याच हाती, एवढेच ती बोलली. राणी परतली तेव्हा माती कमरेपर्यंत चढली होती.

सगळ्यांत वरच्या कोनाड्यात, तांबड्या फडक्याखाली, चांदीचे वाळे होते. राणीच्या पहिल्या मुलाचे. तो रांगायच्या आधीच गेला होता. घर रिकामे वाटू नये म्हणून राणी जमवत सुटली ती तेव्हापासून, पण हे तिच्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती.

राणीने फडक्याकडे हात नेला आणि मागे घेतला. वाण तर बाजारातून नवेच आणून लुटायचे असते, सगळ्या बायका तसेच करतात, असे तिने स्वतःला समजावले. सोनाराकडून तसेच वाळे घडवून घेतले आणि रेवती माळिणीच्या तान्ह्याला दिले. कोनाडा काही बुजला नाही. राणी धावत लेकीकडे गेली, तर माती गळ्याला लागलेली.

"आई, मला बोलता येईनासं झालंय," शाल्मली कशीबशी म्हणाली आणि मग तिचे ओठ हललेच नाहीत.

राणीने तांबडे फडके ओढले, वाळे गालाला लावले आणि ती अनवाणी बागेत धावली.

रेवतीने ते जुने, काळवंडलेले वाळे ओळखले. ती मागे सरली. "बाईसाहेब, हे धाकल्या सरकारांचे. मी कशी घेऊ?"

"तुझा रांगेल गं. माझ्याचं राहून गेलं."

राणीने खाली बसून आपल्या हातांनी ते वाळे बाळाच्या पायात घातले. बाळाने पाय झाडले आणि वाळे वाजले. इतक्या वर्षांत ते प्रथमच वाजत होते.

वर दालनात एकामागून एक कोनाडे बुजले आणि राहिलेल्या वस्तू अलगद जमिनीवर उतरल्या. राणी पोचली तेव्हा शाल्मली पाय चोळत बसली होती.

"आई, पायांना किती मुंग्या आल्यात."

राणीने ते पाय मांडीवर घेतले आणि ती हुंदके देऊन रडली, लेकीसाठी आणि त्या गेलेल्या लेकरासाठीही. त्याच्यासाठी ती आजवर रडलीच नव्हती. मग सगळ्या वस्तू ज्यांच्या त्यांच्या घरी गेल्या. चारुमती राणीची लेक चालू लागली, तशी ऐकणाऱ्यांचीही लेकरे अंगणभर धावोत.