घोड्याचा पाय आणि राजाची भेरी

शोण नदीच्या काठी सुप्रभ नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने घोड्यांवर उपचार करणाऱ्या एका कुळात जन्म घेतला. आईबापांनी त्याचे नाव वत्सक ठेवले. पुढे तो राजाच्या अश्वशाळेचा वैद्य झाला. हात हलका, बोलणे मोजके, आणि घोड्याच्या कानाशी काहीबाही पुटपुटत काम करायची सवय. लाथाडा घोडासुद्धा त्याच्यापुढे गरीब गाय होऊन उभा राही.

राजाचा जीव की प्राण म्हणजे पिंगल नावाचा तांबूस घोडा. राजा निघाला की पुढे भेरी वाजे, आणि भेरीचा पहिला ठोका कानी पडताच पिंगल मागच्या पायांवर सरळ उभा राही, पुढचे दोन्ही पाय हवेत जोडी आणि धाडकन खाली येई. शिंगरू असल्यापासून त्याला हा प्रणाम शिकवलेला. लोक टाळ्या पिटत, आणि राजाची छाती अशी फुगे की विचारू नका.

एका सकाळी कुरणात भरधाव धावताना पिंगलचा पाय घुशीच्या बिळात गेला. काडकन आवाज झाला आणि पुढच्या पायाची नळी मोडली. जाणत्यांनी माना हलवल्या. शेळीचे काय, ती तीन पायांवर कुंपण ओलांडील. बैल बसून रवंथ करीत दिवस काढील. घोडा मात्र अंगाने जड, पायाने काडी, आणि स्वस्थ बसणे त्याच्या रक्तातच नाही. पाय मोडलेला घोडा तलवारीने सोडवावा, अशीच तेव्हा रीत होती.

राजाला रडू आवरेना. "वैद्यराज, वाचेल का हो माझा पिंगल?"

"कातडी फाटलेली नाही, महाराज. हाड आतल्या आत मोडलंय," वत्सक म्हणाला. "पाय हलला नाही तर नक्की सांधेल. हाड स्वतःच सांधतं, आपण फक्त त्याला सवड द्यायची."

मग त्याने पाय हलकेच ओढून हाडाची टोके समोरासमोर आणली. कांडवेलीचा लेप लावला, वर कापूस गुंडाळला, भोवती बांबूच्या कांबी लावून डिंकात भिजवलेल्या पट्ट्या घट्ट बांधल्या. घोड्याच्या पोटाखालून तागाची रुंद झोळी घेऊन ती तुळईला टांगली, म्हणजे पायावर भार नको. राजाने खूश होऊन वत्सकाच्या हातात सोन्याचे कडे घातले.

पण थोड्या दिवसांनी वत्सक रानातून वेल घेऊन परतला तर काय, कांबी मोडलेल्या आणि हाड पुन्हा सरकलेले! त्याने पुन्हा बसवले. राजाने पुन्हा कडे दिले. पुढच्या खेपेला वत्सक कुठे गेलाच नाही. पेंढ्यावर बसून राहिला. पिंगल शांतपणे चघळत होता. इतक्यात दूरवर भेरी घुमली. राजा समाचाराला येत होता. पिंगलचे कान टवकारले, डोळे चमकले, आणि वत्सक "अरे, अरे!" करतो तोवर त्याने झोळीतच उसळी मारून प्रणाम केला. काड!

वत्सकाने कपाळावर हात मारला. ज्याच्या प्रेमाने घोडा जगायचा, त्याचेच प्रेम त्याचा पाय मोडत होते. आता हे राजाला सांगणार कोण?

भेरी वाजवणारा घोषिल त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "वैद्यबुवा, गप्प बसा की! प्रत्येक वेळी कडं मिळतंय. तुमचं काय बिघडतंय?"

"माझं काहीच नाही. बिघडतंय ते त्याचं," वत्सक म्हणाला.

राजाही आता हताश झाला होता. "पुरे झाले त्या मुक्या जिवाचे हाल," तो म्हणाला. "उद्या सकाळी त्याला सोडवा."

वत्सकाने भर सभेत दोन्ही कडी काढून राजाच्या पायाशी ठेवली. "महाराज, हाड मोडलं बिळामुळे. ते सांधू देत नाही आपली भेरी."

 घोषिल उसळला, "माझ्या पणजोबापासून भेरीशिवाय राजाचं पाऊल बाहेर पडलेलं नाही! भेरी नसेल तर राजा आला हे कळायचं कसं?"

राजा लाल झाला. "म्हणजे मीच माझ्या घोड्याचा वैरी?"

"वैऱ्यासाठी तो मोडक्या पायावर उभा राहिला असता का, महाराज? या ना, रोज या. फक्त वाजतगाजत येऊ नका."

 राजा अगदी हळू आवाजात म्हणाला, "आणि भेरी नसली तर... तो मला ओळखेल ना, वैद्यराज?"

एवढा मोठा राजा, पण मनात भीती ती एवढीच. वत्सकाला त्याची फार माया वाटली. "ते मलाही ठाऊक नाही," तो खरे तेच बोलला. "येऊन बघा."

त्याने त्या संध्याकाळी पाय पुन्हा बांधला. सकाळी राजा अनवाणी, साध्या उपरण्यात, काखेत हिरव्या गवताचा भारा घेऊन निघाला. दारावरचा राखणदार खेकसला, "ए बाबा, भारा तिकडं टाक! वाटेत उभा राहू नको!" राजा निमूटपणे बाजूला झाला आणि मागच्या दाराने आत शिरला.

पिंगलने मान वर केली.  तो मागच्या पायांवर उभा राहिला नाही, उसळला नाही. त्याने राजाचा खांदा हुंगला, कान हुंगले, मग आपले जड डोके त्या खांद्यावर टेकवले आणि डोळे मिटून घेतले. काखेतल्या गवताकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. राजा हसत होता आणि रडतही होता.

त्यानंतर तो रोज तसाच येत राहिला. दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, तसे झाले. पण गेले खरे. पट्ट्या सुटल्या तेव्हा हाडावर मोठी गाठ आली होती, आणि त्या गाठीवर भार देत पिंगल चालत कुरणात गेला.

ही कथा सांगण्याचे निमित्त असे: जेतवनाच्या विहारात एक भिक्षू तापाने पडला होता. एक वृद्ध स्थविर रोज शिष्यपरिवारासह त्याच्या समाचाराला येत, आणि तो बिचारा दर वेळी धडपडत उठून सगळ्यांना वंदन करी. ताप काही उतरेना. तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली आणि म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा पिंगल म्हणजे अंथरुणावरचा हा भिक्षू. घोषिल म्हणजे आपले हे स्थविर. सुप्रभ राजा म्हणजे आनंद. आणि वत्सक वैद्य मीच होतो."

स्थविर आधी ओशाळले, मग मनापासून हसले. दुसऱ्या दिवशी ते एकटेच आले, पेजेची वाटी उशाशी ठेवून भिक्षू झोपेतून जागा व्हायच्या आत निघून गेले. हातचा लाभ सोडून दुसऱ्याच्या हिताचे खरे बोलणे, हीच बोधिसत्त्वाची त्या जन्मीची सत्यपारमिता, म्हणजे सत्याच्या आचरणाची पूर्णता.