ऐनाची शेंडी

झाडं कोयत्याशी गप्पा मारायची, त्या काळातली ही गोष्ट. ढाकलूच्या भातखाचराच्या बांधावर ऐनाची दोन झाडं होती, सख्खे भाऊ. दर उन्हाळ्यात ढाकलू त्यांच्या फांद्या तोडायचा आणि भाताचं रोप टाकायच्या जागेवर राब म्हणून जाळायचा. माथ्यावरचा एक झुबका तेवढा ठेवायचा.

"दादा, मुंज लागल्यासारखं दिसतं हे," धाकटा कुरकुरायचा. "जाऊ दे की ही शेंडी एकदाची."

"गप रे. तिच्याच जिवावर तू पुन्हा पालवतोस."

एका वर्षी ढाकलूनं नवं खाचर काढलं आणि राब कमी पडला. "एका झाडाची शेंडीपण उतरवतो," तो म्हणाला.

"आणि पुढल्या साली काय जाळशील? माझं लुगडं?" बायको म्हणाली.

ढाकलू ऐकतोय कुठला. तो धाकट्याकडे निघाला आणि धाकटा खुशीत डोलू लागला. तेवढ्यात थोरल्यानं कोयत्याला हाक मारली, "अरे, ते पोर कोवळं आहे, नुसता धूर होईल. माझी शेंडी बघ, कशी भरलीय."

कोयता मुळातच हावरट. ढाकलूचा हात ओढत तो थोरल्याकडे वळला.

पावसाळ्यात धाकटा पालवला. "दादा, ऊठ की आता," असं तो श्रावणभर म्हणत राहिला. थोरला वाळला तो वाळलाच.

पुढल्या उन्हाळ्यात ढाकलू धाकट्यावर चढला. शेंडीपाशी आल्यावर त्यानं शेजारच्या वठलेल्या खोडाकडे पाहिलं आणि शेंडी तशीच ठेवून खाली उतरला.

"काय रे टकल्या, काय हे ध्यान?" एक साळुंकी म्हणाली.

"शेंडीवाला म्हण," धाकटा म्हणाला. "आमचा दादाही असाच दिसायचा."