आपोआप लागणारे दिवे

उसाच्या पट्ट्यातल्या एका गावात हळदीचा एक व्यापारी राहायचा. धैर्यशील त्याचं नाव. माणूस सज्जन, हाताचा सढळ, व्यवहारात चोख. खोड म्हणाल तर एकच. आपल्याला कुणी हसलेलं त्याला सोसायचं नाही. चारचौघांत कुणी सदऱ्यावरचा डाग दाखवला, तर हा पठ्ठ्या घरी येऊन जेवायचा नाही. त्याची बायको रेवती तालुक्याच्या शाळेत मुलींना खो-खो शिकवायची. ती म्हणायची, "अहो, लोकांना हसायला काहीतरी लागतंच. तुम्ही कशाला एवढं मनावर घेता?" पण ऐकेल तो धैर्यशील कसला!

तर या धैर्यशीलनं एक स्पोर्ट्स कार घेतली. जमिनीला टेकलेली, दोनच माणसांची, डांबरी रस्त्यासारख्या राखाडी रंगाची. गावात अशी गाडी कुणी पाहिली नव्हती. पहिल्या दिवशी पोरंसोरं मागे धावली, म्हातारी माणसं काठी टेकत बघायला आली. धैर्यशीलची छाती फुगली.

पण त्या गाडीचे दिवे होते आपोआप लागणारे. उजेड कमी झाला की लागायचे, वाढला की विझायचे. आणि गावाच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना जुने वड. मग काय विचारता! वडाच्या दाट सावलीत गाडी शिरली की दिवे लागले, उन्हात आली की विझले, पुन्हा वड आला की पुन्हा लागले. भर दुपारी! आपल्याकडे दिवसा कुणाचे दिवे चालू दिसले, की रस्त्यानं येणारा-जाणारा जो तो हाताची बोटं मिटून-उघडून खूण करतो. धैर्यशीलला बायका खूण करायच्या, सायकलवाले खूण करायचे, शाळेची पोरं तर दोन्ही हातांनी करायची. एकदा समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला वाटलं, हा आपल्याला दिवे मारून डिवचतोय. त्यानं खिडकीतून डोकं काढून अशी काही शिवी घातली, की ती इथं सांगण्यासारखी नाही.

गावाच्या तोंडाशी, तीन रस्ते मिळतात तिथं, तिकटी होती. तिथं चहाच्या टपरीवर बाळगोंडा अण्णा आणि त्यांची मंडळी सकाळ-संध्याकाळ बसलेली. अण्णांची जीभ भारी तिखट. धैर्यशीलची गाडी दिसली की ते कपाळावर हात धरून म्हणायचे, "काय धैर्यशीलराव, आज ऊन कमी पडलं व्हय?" की सगळी टपरी खो खो हसायची. धैर्यशील वरवर हसायचा आणि आतून जळायचा. एवढी झोकात गाडी घ्यावी आणि तिचं हसं व्हावं! त्याला रात्रीची झोप लागेना.

शेवटी तो शहरात गेला आणि गॅरेजवाल्याला म्हणाला, "हे आपोआप लागणं बंद करून टाका."

गॅरेजवाला म्हणाला, "पार बंद कशाला करता? सावलीत लागणार नाहीत आणि अंधारून आलं की लागतील, असं बसवून देतो."

गोष्ट साधी होती, रास्त होती. पण धैर्यशीलच्या डोळ्यांपुढे अण्णा उभे राहिले. एखाद्या दिवशी आभाळ आलं आणि नेमके तिकटीवरच दिवे लागले तर? तो म्हणाला, "छे, छे! मी हातानं लावल्याशिवाय लागता कामा नयेत. मला डोळे आहेत."

मालकच म्हणतोय म्हटल्यावर गॅरेजवाला तरी काय करणार? त्यानं ते काढून टाकलं.

घरी रेवतीनं विचारलं, "मग संध्याकाळी हो?"

"लावेन की. त्यात काय एवढं!" धैर्यशील म्हणाला. आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला तो आठवणीनं लावायचाही. तिकटीवरचं हसणं थांबलं. अण्णा आता गाडीची तारीफ करू लागले. धैर्यशीलला अन्न गोड लागू लागलं.

थंडीचे दिवस आले. ऊसतोड जोरात होती. शेताशेतांत पाचट पेटवलेलं, त्याचा धूर रस्त्यावर रेंगाळलेला. एका संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी धैर्यशील गाडी घेऊन गोदामाकडे निघाला. सूर्य बुडाला होता, पण अंधार पडला नव्हता. सगळं कसं करडं करडं झालं होतं. दिवे लावावेत म्हणून त्यानं बटणाकडे हात नेला. तेवढ्यात समोर तिकटी दिसली. टपरी माणसांनी भरलेली होती. अण्णा मधोमध बसले होते.

त्याचा हात तिथंच थांबला. अजून उजेड आहे, आत्ता लावले तर हसतील. तिकटी ओलांडली की लावू. असं म्हणून त्यानं हात मागे घेतला.

तिकटीवर कुणी हसलं नाही. उलट अण्णांनी हात उंचावून "वा, राव!" म्हटलं. धैर्यशीलला मूठभर मांस चढलं. त्या खुशीत त्यानं पाय दाबला, गाडी बाणासारखी सुटली आणि दिवे लावायचे राहून गेले. त्याला सगळं नीट दिसत होतं ना! वड दिसत होते, मैलाचे दगड दिसत होते. समोरून येणारा उसाचा ट्रॅक्टर दिसत होता, त्याच्या मागच्या दोन ट्रॉल्या दिसत होत्या. आणि ट्रॉलीच्या मागे एक स्कूटर.

स्कूटर रेवतीची होती. मुलींचा सराव आटोपून ती घरी निघाली होती. ट्रॅक्टर रखडत चालला होता, म्हणून पुढे जायला वाट आहे का हे बघायला ती जरा बाजूला आली. हेल्मेटची काच वर होती. तिनं समोर पाहिलं, अगदी सरळ धैर्यशीलकडे पाहिलं. त्याला तिचे डोळे दिसले. तिनं आपल्याला ओळखलं, आता ती थांबेल, असं त्याला वाटलं.

ती थांबली नाही. हात दाखवून ती ट्रॅक्टरच्या बाजूनं निघाली आणि थेट त्याच्या पुढ्यात आली.

अरे देवा! बायको आपल्याकडे बघतेय आणि तिला आपण दिसत नाही आहोत! त्यानं हॉर्न दाबला, ब्रेक दाबला, गाडी रस्त्याखाली घातली. गाडी गरकन फिरून उसात शिरली. पण फिरता फिरता तिच्या मागच्या बाजूचा तडाखा स्कूटरला बसला.

ट्रॅक्टरवाला उडी मारून आला. "कुठनं आलास रे तू?" तो ओरडला. "दिवा नाही, काही नाही! मी एवढा उंच बसलोय, मलाबी दिसला नाहीस!" धैर्यशील गाडीतून उतरून धावला. रेवती रस्त्यावर निपचित पडली होती. तिचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं. मग ट्रॅक्टरवाल्याच्या मदतीनं तिला दवाखान्यात नेलं.

जीव वाचला. नशीबच म्हणायचं. पण डॉक्टरांनी धैर्यशीलला बाजूला घेऊन सांगितलं, "गुडघ्याचा चुरा झालाय. काठी घेऊन चालतील. पळणं मात्र आता विसरा."

रेवती शुद्धीवर आली तेव्हा तिला सगळ्यात आधी वाटलं, की चूक आपलीच. तिनं त्याचा हात धरला आणि म्हणाली, "अहो, मी बघूनच निघाले होते हो. रस्ता मोकळा होता. खरंच मोकळा होता." हे ऐकून धैर्यशीलला भडभडून आलं. तो मान खाली घालून रडू लागला.

दुसऱ्या दिवशी तिकटीवरची सगळी मंडळी भेटायला आली. कुणी शहाळी आणली, कुणी घरचा डबा आणला. बाळगोंडा अण्णांचे डोळे भरून आले होते. त्यांनी धैर्यशीलच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "पण मला सांगा, तुम्ही दिवे का नव्हते लावले?"

धैर्यशील म्हणाला, "तुम्ही हसाल म्हणून, अण्णा."

"आम्ही?" अण्णा चक्रावले. त्यांनी मंडळींकडे पाहिलं. मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. कुणालाच काही आठवेना. "आम्ही कशाला हसू? दिव्याला कुणी हसतं व्हय? आम्ही कधी हसलो, राव?"

तात्पर्य: लोक हसतात आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत विसरून जातात. त्या हसण्याला भिऊन जो शहाणपणाची गोष्ट सोडतो, त्याची भरपाई त्याच्या जिवलगांना जन्मभर करावी लागते.