भिवरामायचा पदर

फार वर्षांपूर्वी, तांबडमाळावर झाडांपेक्षा धूळ जास्त होती, तेव्हाची ही गोष्ट. झाडं आताही फार नाहीत म्हणा. त्या माळाच्या कुशीतल्या गावात भिवराबाई नावाची बाई राहायची. नवरा तरुणपणीच गेलेला, पदरात एकच लेक, कौतिका. सारं गाव तिला भिवरामाय म्हणायचं.

त्या गावाच्या मागे खुपरी लागली होती. लहानपणी डोळे लाल व्हायचे, चिकटायचे, पापणीच्या आत बारीक दाणे उठायचे. मग वय वाढलं की पापणीच आत वळायची आणि तिचे केस बुबुळावर घासायचे. डोळा मिटला की कुसळ, उघडला की कुसळ. घासून घासून बुबुळावर पांढरं फूल पडायचं आणि माणूस आंधळा व्हायचा.

भिवरामाय ते केस उपटायची. सासूने दिलेला पितळी चिमटा घेऊन ती सकाळच्या उन्हात मारुतीच्या पारापाशी काळ्या दगडावर बसायची आणि एकेकाचं डोकं मांडीवर घ्यायची. असं म्हणतात, की झोपलेल्या लेकराच्या पापणीतला केस ती त्याची झोप न मोडता काढायची. असंही म्हणतात, की एकदा तिने खंडोबाच्या घोड्याचा केस काढला आणि तेवढा वेळ देव स्वतः लगाम धरून उभा होता. घोड्याचं खंडोबाच जाणे, पण बाईचा हात हलका होता.

केस निघाला की ती पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळायची, त्यावर तोंडाची वाफ द्यायची आणि तो उबदार बोळा डोळ्यावर दाबायची. चिमट्यापेक्षा पदरानेच बरं वाटतं, असं लोक म्हणायचे. डोळे आलेली पोरं तर नुसत्या त्या उबेसाठी येऊन बसायची.

एकाच घराला तो पदर चालत नव्हता. तिची थोरली जाऊ तानूबाई मळ्यात राहायची. विधवेचा पदर लेकरांना लागायला नको, म्हणून तिने भर अंगणात भिवरामायचा हात झटकला होता. तो घाव भिवरामायच्या जिव्हारी लागला. बारा वर्षं दोघींत अबोला होता.

कौतिका सोळा वर्षांची झाली आणि तिच्याही पापण्या आत वळल्या. आई केस उपटायची, महिन्याभरात ते पुन्हा उगवायचे, आधीपेक्षा राठ. एका सकाळी उजव्या बुबुळावर फुलाचा ठिपका दिसला. भिवरामायच्या तोंडचं पाणी पळालं. साऱ्या गावाचे डोळे राखणारी बाई, आणि तिच्याच घरात अंधार शिरत होता.

त्याच चैत्रात जत्रेला तानूबाईची चारही मुलं समोरून गेली. स्वच्छ डोळे, दाट पापण्या, सगळ्या बाहेर वळलेल्या. धूळ तीच, माश्या त्याच, पाणीही त्याच विहिरीचं. भिवरामायने अभिमान गिळला आणि ती बारा वर्षांनी जावेच्या दारात गेली.

"आक्का, लेकरांच्या डोळ्यांत काय घालता तुमी? माज्या कौतिकाची नजर चाललीया."

"काय घालणार? काईच नाई," तानूबाई म्हणाली. "तुजा पदर तेवडा लागू दिला नाई."

बोलली आणि स्वतःच चपापली. टोचून बोलावं असं तिच्या मनात नव्हतं. भिवरामायने पदराचं टोक हातात घेतलं. ते कडक झालं होतं, पिवळट पडलं होतं. एकाचा डोळा पुसून त्याच टोकाने तिने दुसऱ्याचा पुसला होता, आणि सगळ्यांत जास्त वेळा कौतिकाचा. तिला रडू फुटलं. सवयीने पदर डोळ्यांकडे गेला आणि तिने तो सोडून दिला.

घरी येऊन तिने तो पदर फाडला आणि चुलीत घातला. असं म्हणतात, की तो तीन दिवस धुमसत होता आणि गावात एकाही घरी चूल पेटली नाही.

चौथ्या दिवशी तिने पारावर उभं राहून सगळं सांगितलं. म्हातारे म्हणाले, "गप बस की माय. कुणाला कळणार हाय?" काही म्हणाले, मायेच्या पदरानं कुणाचं वाईट होतंय व्हय? भिवरामाय मात्र फूल पडलेल्या माणसांपुढे मान खाली घालून उभी राहिली. पुढे मरेपर्यंत ती केस काढत राहिली, पण ज्याचं त्याने फडकं आणायचं, उकळून आणायचं, असा तिचा दंडक होता.

कौतिकाचा डावा डोळा वाचला, उजवा गेला. गेला त्या दिवशी ती आईच्या मांडीवर पडून म्हणाली, "आये, पूस की गं." भिवरामायचा हात खांद्याकडे गेला आणि तिथेच थांबला. लेकीला तिचं फडकं हातात देऊन ती नुसती बघत बसली. हे दुःख तिला शेवटपर्यंत पुरलं.

तो काळा दगड अजून पारापाशी आहे. गावात बारसं झालं की बाळाच्या उशाशी हातभर पांढरं फडकं ठेवतात आणि नावाबरोबर कानात सांगतात, हे तुझं, दुसऱ्या कुणाचं नाही. बाहेरून आलेल्या सुनांना आधी हे गाव दगडाच्या काळजाचं वाटतं. कारण इथे लेकरू रडत आलं की आई आधी पदर कमरेला घट्ट खोचते आणि मग त्याला जवळ घेते.